हवालदार गावितांची वही

"गावित हवालदारांच्या वहीत आता मॅडमचं पण नाव हाय."

ड्रेसिंग रूमच्या पडद्यापलीकडून हे वाक्य आलं. बोलणारा वॉर्डमधला सफाई कर्मचारी होता. दुसऱ्यानं विचारलं, कसली वही? पहिला म्हणाला, सकाळी लिनन स्टोअरचं दार लावून बसतात ना, ती. दोघं हसले आणि बादली ओढत पुढे गेले. मी हातातला ट्रे तसाच धरून उभी राहिले. सकाळचे सव्वासात झाले होते. हॉस्पिटलमध्ये मॅडम पुष्कळ होत्या, पण त्या मजल्यावर त्या आठवड्यात एकटी मीच होते.

मी तेव्हा लेफ्टनंट होते. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, शॉर्ट सर्व्हिस कमिशन, पाच वर्षं. नाशिकजवळच्या छावणीतलं लष्करी हॉस्पिटल हे माझं दुसरं पोस्टिंग. घर शरणपूर रोडला, बसनं तासाभराच्या आत, तरी मी नर्सिंग ऑफिसर्स मेसमध्ये राहायचे. लोक अजून विचारतात, नर्सिंगवाल्या म्हणजे खरंच सैनिक का. खांद्यावर दोन स्टार होते आणि ऑर्डर मिळाली की पाळावी लागायची. याहून जास्त मी सांगत नाही.

एक गोष्ट मात्र आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं घर ख्रिस्ती, रोज संध्याकाळी प्रार्थना होते. सगळे गोल बसतात, हातात हात धरतात आणि एकामागून एक मोठ्यानं प्रार्थना करतात. याला साखळी प्रार्थना म्हणतात. ज्याला बोलायचं नसेल त्यानं शेजारच्याचा हात दाबायचा. हात दाबला की पाळी पुढे जाते. का दाबला, हे कोणी विचारत नाही. आई दहा मिनिटं बोलायची, पप्पा तीन वाक्यं. मी हात दाबायचे. माझी शाळा कॉन्व्हेंट. प्रार्थना मी इंग्रजीत पाठ केल्या आणि मराठीत ऐकल्या. स्वतःची अशी कुठल्याच भाषेत केली नाही. शिवाय मला एक सवय होती. माणसं मोठ्यानं प्रार्थना करतात तेव्हा ती देवाशी बोलतात की खोलीतल्या बाकीच्यांशी, हे मी डोळे किलकिले करून बघायचे.

त्याच दिवशी दुपारी रजिस्ट्रार साहेबांनी मला ऑफिसमध्ये बोलावलं. ते मेजर होते, हॉस्पिटलची शिस्त आणि कागद त्यांच्याकडे. लिनन स्टोअरमध्ये सकाळी काय चालतं, असं त्यांनी विचारलं. प्रेयर चालते असं ऐकलंय, मी म्हणाले. मी जाते का, असं विचारलं. मी नाही म्हणाले.

"मग जा," ते म्हणाले. "तुझेच लोक आहेत ना? बस आणि बघ. लेखी काही नको. खटकलं तर सांग."

मी येस सर म्हणाले. तुझेच लोक हे शब्द मला आवडले नाहीत, पण माझं नाव त्या वहीत का आहे हे मलाही बघायचंच होतं. म्हणजे ऑर्डर नसती तरी कदाचित मी गेले असते. खात्रीनं सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ०५२५ ला मी स्टोअरपाशी पोचले. हवालदार शमुवेल गावित दारात उभे होते. चाळिशीचे, बुटके, सुरगाणा तालुक्यातल्या डोंगरातल्या गावचे. नर्सिंग असिस्टंट म्हणून वीस वर्षं सर्व्हिस झालेली, तेव्हा स्टोअर त्यांच्याकडे होतं. त्यांनी मला कडक सॅल्यूट केला. मी आत पाय टाकल्यावर तेच म्हणाले, "सलाम, मॅडम," जसं आमच्या घरी पाहुणे म्हणतात. बाहेर ते हवालदार होते आणि मी ऑफिसर. आत आम्ही ब्लँकेटांच्या एकाच गठ्ठ्यावर बसलो. मला ते अवघड गेलं. त्यांना गेलेलं दिसलं नाही.

आत आणखी दोघं होते. सुमनबाई, वॉर्ड सहायिका, पन्नाशीच्या, पहिल्या बसनं नाशिकहून येणाऱ्या. आणि नायक जोसेफ, ॲम्ब्युलन्स ड्रायव्हर, केरळचे. जोसेफ मल्याळममध्ये प्रार्थना करायचे. ते आम्हाला कुणालाच कळायचं नाही. "माझ्याच तक्रारी सांगत असतो बहुतेक," सुमनबाई म्हणायच्या. जोसेफ हसायचे. त्यांना मराठी कळायचं, बोलता यायचं नाही.

दार का लावता, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. शेजारी वॉर्ड आहे, पेशंट झोपलेले असतात, असं उत्तर मिळालं. पटण्यासारखं होतं. तरी मी दाराची कडी आतून लागते की नुसतं दार ढकललेलं असतं, ते बघून ठेवलं. नुसतं ढकललेलं होतं.

मग वही निघाली. शाळेच्या मुलांची असते तसली, दोनशे पानी, कडेला चिकटपट्टी लावलेली. गावित ती मांडीवर उघडून ठेवायचे आणि त्यातलं बघत प्रार्थना करायचे. पण ती मी ऐकलेल्या प्रार्थनांसारखी नव्हती. आधी नाव, मग जागा, मग वेळ. अमुक शिपाई, रेंज ॲम्ब्युलन्स, मंगळवारी सात ते दोन. अमुक नायक, रजेवरून परत, रेल्वेनं, गुरुवारी पहाटे पोचणार. बेड नंबर अकरा, ऑपरेशन नऊ वाजता. प्रत्येक नावानंतर एकच वाक्य, सांभाळ. सगळं मिळून आठ मिनिटं. कंपनी क्लार्क रिपोर्ट वाचतो तसा आवाज.

सुमनबाई एकदा त्यांना म्हणाल्या, "हवालदार, देवाला काय टायमिंग कळत नाही का?"

"देवाला कळतं," ते म्हणाले. "मला कळत नाय. म्हणून लिवतो."

माझी पाळी आली की मी सुमनबाईंचा हात दाबायचे. कोणी काही म्हणालं नाही. त्यांच्या न म्हणण्याचाही मला संशय आला. मी तीन आठवडे जवळजवळ रोज गेले. रजिस्ट्रार साहेबांसाठी जातेय, असं स्वतःला सांगत होते. गैरहजर राहिले त्या दोन दिवशी दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. तेही मी स्वतःपाशीच ठेवलं.

वहीची गोष्ट मात्र मनातून जात नव्हती. सिव्हिलियन वाचकाला वाटेल, त्यात काय एवढं. पण फौजेत कोण, कुठे, किती वाजता, ही तीन उत्तरं एकत्र लिहिलेली असली की तो कागद साधा राहत नाही. त्यात गाड्यांच्या वेळा होत्या, ड्यूट्या होत्या, कुठली तुकडी कधी निघणार तेही होतं. पेशंटचे आजार होते. वीस वर्षं सर्व्हिस झालेल्या माणसाला हे कळू नये?

त्यानंतर फोन. ०५५० ला प्रार्थना संपली की गावित पाण्याच्या टाकीमागे जायचे आणि फोनवर बोलायचे. रोज. चार-पाच मिनिटं. एका बुधवारी मी मेसकडे जायची नेहमीची वाट सोडून टाकीच्या बाजूनं गेले. ते पाठमोरे होते. वही उघडी होती. ते हळू आवाजात वाचत होते, "दोन नंबर गाडी, मंगळवार, सात ते दोन. लिवायचं काय नाय, ध्यानात ठेव." पलीकडून कोणीतरी ते परत म्हणून दाखवत असावं, कारण ते मधेच थांबून हां, हां म्हणत होते.

मी पाय न वाजवता मागे फिरले.

त्यांना विचारणं हा सरळ रस्ता होता. हवालदार, तुम्ही कोणाशी बोलता? चार शब्द. मी ऑफिसर होते, विचारायचा हक्क होता. पण समोरासमोर विचारायला लागणारा आवाज माझ्याकडे कधीच नव्हता. मी दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळी अकरा वीसला रजिस्ट्रार ऑफिसमध्ये गेले आणि जे पाहिलं, ऐकलं ते सांगितलं. चार वाक्यं. त्यात खोटं काही नव्हतं. माझं नाव कुठे येणार नाही, असं साहेब म्हणाले. मी थँक यू सर म्हणाले.

दुपारी वही जप्त झाली. फोन तपासला गेला. दोन दिवस गावितांना ऑफिसबाहेर बाकावर बसवलं होतं. मी त्या व्हरांड्यातून जाणं टाळलं.

शनिवारी निकाल कळला. फोन त्यांच्या आईला जात होता. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या पाड्यावर नेटवर्क नाही, म्हणून म्हातारी रोज पावणेसहाच्या आधी मागचं टेकाड चढून वर बसायची. शेजारच्या दोन बाया सोबत असायच्या. गावित नावं वाचायचे, आई ती पाठ करायची, आणि तिथे त्या तिघी तीच प्रार्थना पुन्हा करायच्या. बारा वर्षं हे चालू होतं. जिथे पोस्टिंग होतं तिथून.

"इनोसंट," रजिस्ट्रार साहेब मला म्हणाले. "पण मूर्खपणा. तू सांगितलंस ते बरोबरच केलंस."

गावितांना ताकीद मिळाली. वही ऑफिसच्या कपाटात बंद झाली. प्रार्थना चालू ठेवायला हरकत नव्हती, पण दार लावायचं नाही, व्हरांड्यात बसायचं, लिहायचं काही नाही. स्टोअर त्यांच्याकडून काढलं आणि त्यांना रेंज ॲम्ब्युलन्सच्या रोस्टरवर टाकलं. फायरिंग रेंज म्हणजे तोफा डागायचा सराव होतो तो मोकळा डोंगराळ मुलूख. फायरिंग असेल त्या दिवशी तिथे एक ॲम्ब्युलन्स उभी असते.

सोमवारी ०५३० ला आम्ही चौघं व्हरांड्यात सतरंजीवर बसलो. फेब्रुवारीचा गारठा होता. गावित माझ्या डाव्या हाताला होते. सुमनबाई तापलेल्याच होत्या. कोणी चुगली केली ते मला कळलं तर बघा, असं त्या गठ्ठे मोजताना दोन दिवस म्हणत होत्या, आता पुन्हा म्हणाल्या. बोलताना त्यांनी जोसेफकडे पाहिलं. जोसेफ खाली बघत होते.

गावित म्हणाले, "ज्यानं सांगितलं त्यानं बरोबर केलं. चूक माझी. लिवायचं नव्हतं." मग म्हणाले, "सांगून तो आता घाबरला असंल. त्याचं पण नाव घेऊ. नाव म्हाईत नाय, तर तसंच घेऊ."

त्यांनी हात पुढे केला. मी धरला. त्यांनी प्रार्थना सुरू केली, वहीशिवाय. नाव, जागा, वेळ, एकही चुकलं नाही. शेवटी म्हणाले, ज्यानं सांगितलं तो, इथंच कुठंतरी असंल, सांभाळ. माझा हात त्यांच्या हातात होता. त्यांना ठाऊक होतं का, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. बोटांवरून कळतं का, तेही. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. माझी पाळी आली. मी सुमनबाईंचा हात दाबला.

पुढचे तीन आठवडे रूटीनचे. एकदा सुमनबाईंनी त्यांना चिडवलं. आता रेंजच्या गाडीत तुम्हीच, मग मंगळवारचं नाव कोणाचं घेणार? ते म्हणाले, मी गाडीत हाय म्हणून गाडीचं नाव घ्यायचं सोडू का. स्वतःचं नाव ते कधीच घेत नसत. ते सुमनबाई घ्यायच्या, प्रत्येक वेळी, आणि घेताना रागवायच्या. मी त्यांना एकदाच एक प्रश्न विचारला, तोही चालता चालता. रोज तेच तेच करून काय मिळतं? ते म्हणाले, "काय मिळतं ते बघाया बसलो नाय, मॅडम. सांज-सकाळ ड्रेसिंग करतो ना आपण? एक दिवस सोडलं तर जखम सांगती."

मला ते उत्तर फार सोपं वाटलं. सोप्या उत्तरांवर माझा विश्वास नव्हता.

तो मंगळवार. प्रार्थना नेहमीप्रमाणे. मी हात दाबला. ०६४५ ला ॲम्ब्युलन्स निघाली. जोसेफ स्टिअरिंगवर, गावित शेजारी. माझी ड्यूटी कॅज्युअल्टीत होती. फायरिंगच्या दिवशी तिथे टेबलावर रेडिओ सेट चालू असायचा.

१११५ ला फायरिंग संपलं. ११३५ ला सेटवर जोसेफचा आवाज आला.

"कंट्रोल, मेडिक वन. घास में आग लगा है. फायर पार्टी का दो आदमी नाला में है. ओव्हर."

रेंज कंट्रोलनं थांबायला सांगितलं. गवतात ब्लाइंड असू शकतात, क्लिअरन्स मिळेपर्यंत कोणी आत जायचं नाही. ब्लाइंड म्हणजे पडून न फुटलेला गोळा. फायरिंगनंतर ते शोधून लाल झेंडी लावतात. त्या दिवशी शोधायच्या आधीच गवत पेटलं होतं आणि ते विझवायला गेलेली दोन माणसं नाल्यात अडकली होती. वारा होता. यात कोणाची चूक नव्हती, पुढे चौकशीतही तेच निघालं.

"कंट्रोल, मेडिक वन. गावित हवालदार चला गया. ओव्हर."

"मेडिक वन, उसको रोको. ओव्हर."

"चला गया, सर. ओव्हर."

मी बर्न्सची ट्रॉली लावली. सलाइन, ऑक्सिजन, स्प्लिंट. सर्जनना फोन केला. हात काम करत होते. सुमनबाई स्ट्रेचरवर चादर घालत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते.

११४४. "एक आ गया. जिंदा है. हवालदार वापस गया. ओव्हर."

११४८ ला सेटवर नुसती खरखर झाली. पुन्हा आवाज आला तेव्हा तो जोसेफचा आहे हे ओळखायला मला वेळ लागला.

"मेडिक वन. तीन कॅज्युअल्टी. मैं आ रहा हूँ."

ओव्हर ते म्हणाले नाहीत.

१२२१ ला गाडी दारात आली. पहिला जवान धुरानं गुदमरलेला, शुद्धीवर. दुसऱ्याचे पाय भाजलेले. गोळा फुटला तेव्हा तो जवान गावितांच्या खाली होता. तो वाचला, आजही नोकरीत आहे. गावितांच्या पाठीत आणि मानेत स्प्लिंटर होते. सर्जननी जे करता येतं ते सगळं केलं. मी डाव्या हाताला होते, नाडी बघत. त्यांचे डोळे उघडे होते, पण ते मला बघत होते की छताला, सांगता येत नाही.

१२४० ला त्यांनी माझा हात दाबला.

रक्तस्रावात स्नायू आवळतात, हे मला शिकवलेलं होतं. मी स्वतःला तेच सांगितलं. पण हात दाबला की आमच्यात एकच अर्थ होता. आणि ज्या माणसानं कधी पाळी पुढे ढकलली नव्हती, त्यानं ढकलली होती. सुमनबाई स्ट्रेचरच्या पायाशी उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्या वेळी बोलायला पाहिजे होतं. काहीही, एक शब्द. मी नाडी मोजत राहिले. १२५२ ला मोजायला काही उरलं नाही.

सामानाची यादी करायला बोर्ड बसलं, त्यात मी होते. दोन युनिफॉर्म, एक स्वेटर, बायबल, दाढीचं सामान, आईसाठी घेतलेली निळी शाल, पावतीसकट. वही कपाटातून काढून यादीत घातली. लष्करी मजकुराची पानं काढून घेतली जातील, वही घरी जाईल, असं ठरलं. पानं तपासायचं काम माझ्याकडे आलं. माझं नाव मधल्या पानांवर होतं. मी प्रार्थनेला जायला लागायच्या आधीचं.

"ले. पगारे मॅडम. दिवस-रात्र ड्यूटी. कोणाशी बोलत नाहीत. घाई नको."

जागा नव्हती, वेळ नव्हती. सगळ्या वहीत फक्त माझ्याच नावापुढे वेळ लिहिलेली नव्हती. ते पान काढायचं कारण नव्हतं. मी ते राहू दिलं.

त्यानंतर व्हरांड्यात आम्ही आठ-दहा दिवस बसलो असू. सुमनबाईंनी हात धरणं सोडलं. गावितांची वही जप्त झाली त्याच आठवड्यात जोसेफला रजा मंजूर झाली होती. सुमनबाईंनी हिशोब तिथे लावला. त्यांना तोंडावर त्या काही म्हणाल्या नाहीत. नुसतं त्यांच्यापासून लांब बसायच्या, मधे पदर घेऊन. जोसेफनं एकदा मला विचारलं, "मॅडम, सुमनबाई मेरे को क्यों ऐसा देखता है?" मी म्हणाले, पता नहीं. ते यायचे बंद झाले. मग सुमनबाई. शेवटी सतरंजी मीच उचलून स्टोअरमध्ये ठेवली.

रजिस्ट्रार साहेबांना मी विचारलं, मी सांगून टाकू का? ते म्हणाले, कशासाठी? तू ड्यूटी केलीस. हे खरं होतं. रिपोर्ट दिला याची मला लाज नाही, आजही. तसलं फोनवर वाचणं थांबायलाच हवं होतं. लाज दुसऱ्या गोष्टीची होती. जोसेफच्या अंगावर माझं पडू दिलं आणि मी बघत राहिले.

माझी पाच वर्षं संपली. एक्स्टेन्शन घेतलं नाही. आता मी नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये आहे. घरी राहते. आईच्या उजव्या हाताला बसते आणि हात दाबते.

गेल्या फेब्रुवारीत गावितांच्या आईचा निरोप आला. गावितांना जाऊन दोन वर्षं होत होती. पाड्यावर प्रार्थना आहे, हॉस्पिटलच्या लोकांनी यावं. मी आदल्या दिवशी दिंडोरीवरून सुरगाण्याची गाडी पकडली. जोसेफ पुण्याहून आले होते, आता ते तिथे पोस्टेड. सुमनबाई रिटायर झालेल्या. आमची तिघांची गाठ शेवटच्या टप्प्याच्या जीपमध्ये पडली. पाऊण तास कोणी कोणाशी बोललं नाही. सुमनबाई ड्रायव्हरशी मात्र पुष्कळ बोलल्या.

सकाळी सव्वापाचला म्हातारीनं आम्हाला उठवलं. तिच्या अंगावर ती निळी शाल होती. ती पुढे, काठी टेकत, आम्ही मागे. टेकाड तसं लहान होतं, पण चढ उभा. वर एक सपाट दगड होता, बसून बसून गुळगुळीत झालेला. शेजारच्या दोघी आधीच येऊन बसल्या होत्या. मी विचारलं, फोन तर आता येत नाही, मग रोज वर का चढता?

"फोनसाठी चढत नव्हतो, पोरी," ती म्हणाली. "फोन आपला मधे यायचा."

सगळे गोल बसलो. जोसेफ, मग म्हातारी, मग मी, मग सुमनबाई, मग त्या दोघी. जोसेफपासून तेवढं अंतर सुमनबाईंनी स्वतःच बसताना राखलं होतं. हात धरले गेले. जोसेफनं मल्याळममध्ये प्रार्थना केली. त्यात शमुवेल हे नाव आलं, तेवढं कळलं.

मग म्हातारी. डोळे मिटून, एका सुरात, न थांबता. नाव, जागा, वेळ. दोन वर्षांपूर्वीची वही तिच्या तोंडात जशीच्या तशी होती. बेड नंबर अकरा केव्हाच बरा होऊन गेला होता, तरी होता. दोन नंबर गाडी, मंगळवार, सात ते दोन. तिनं तेही म्हटलं आणि तिचा आवाज हलला नाही. मी वाट बघत होते, आणि येऊ नये असंही वाटत होतं. ते आलंच.

"पगारे मॅडम. कुणासंग बोलत नाय. घाई नको, देवा."

मी तिच्या शेजारी बसले होते. पगारे मॅडम म्हणजे मीच, हे तिला माहीत होतं की नाही, कळलं नाही. दोन वर्षं रोज सकाळी या दगडावर माझं नाव घेतलं गेलं होतं, घाई न करता.

शेवटी ती म्हणाली, "आन ज्यानं सांगितलं तो. शामूनं त्याचं नाव घेतलं व्हतं, मला फोनवर बोलला व्हता. म्या पण घेती. सांभाळ."

सुमनबाईंचा हात माझ्या हातात ताठ झाला. त्यांनी डोळे उघडून पलीकडे जोसेफकडे पाहिलं. जोसेफनं ते पाहिलं आणि मान खाली घातली, व्हरांड्यात घालायचे तशीच.

माझी पाळी आली. सुमनबाईंनी सवयीनं बोटं सैल केली, दाब घ्यायला. खाली पाड्यावर कोंबडा आरवला. मी घड्याळात पाहिलं. पाच अठ्ठावन्न. मला प्रार्थनेची भाषा येत नव्हती. एकच प्रकार मी नीट ऐकला होता, रोज, आठ मिनिटं. मी हात दाबला नाही.

"लेफ्टनंट शेरॉन पगारे," मी म्हणाले. "रजिस्ट्रार ऑफिस. गुरुवार, सकाळी अकरा वीस. हवालदार शमुवेल गावितांच्या वहीचं मी सांगितलं. जोसेफनी नाही. मी."